कॉरिगन : एक आडनाव आणि एक नाडी



वैद्यकाच्या पुस्तकांत माणसांची आडनावे इतकी विखुरलेली आहेत, की ती कुणाची तरी आडनावे आहेत याचाच आम्हा डॉक्टरांना विसर पडतो. हातावर पडून मनगटाजवळचे हाड विशिष्ट तऱ्हेने मोडले की ते ‘कॉलेस फ्रॅक्चर’. थायरॉइड ग्रंथी नको इतके काम करू लागली आणि डोळे बाहेर आल्यासारखे दिसू लागले की बहुधा ‘ग्रेव्हज डिसीज’. अत्यवस्थ रुग्णाचा श्वास आधी खोल होत जातो, मग उथळ आणि मध्येच थांबतो, तो ‘चेन-स्टोक्स’ श्वास. या सगळ्यांत एक समान धागा आहे. कॉलेस, ग्रेव्हज आणि स्टोक्स हे तिघेही एकोणिसाव्या शतकातील डब्लिनचे डॉक्टर. चेन मूळचे स्कॉटलंडचे, पण त्यांचेही काम डब्लिनमध्येच झाले.

याच शहराने दिलेले आणखी एक नाव म्हणजे कॉरिगन. महाधमनीची झडप गळत असली की मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या नुसत्या डोळ्यांना उडताना दिसतात आणि मनगटावरची नाडी जोरात आपटून झटकन विरून जाते. हीच ‘कॉरिगन्स पल्स’. आपल्याकडे एम.बी.बी.एस.च्या तोंडी परीक्षेत आजही हा प्रश्न हमखास येतो.

यातले पहिले तिघे आणि कॉरिगन यांच्यात एक फरक आहे, आणि तो आडनावातच दडलेला आहे. कॉलेस, ग्रेव्हज, स्टोक्स ही घराणी मूळची इंग्लंडातून आयर्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेली, प्रोटेस्टंट. कॉरिगन हे अस्सल गेलिक आडनाव. मूळ रूप ‘ओ कॉरगॉन’. यातला ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. घरातील मुलीच्या नावापुढे गेलिकमध्ये ‘ओ’ लागत नाही, ‘नी’ लागते. ‘कॉर’ या धातूचा संबंध बहुतेक अभ्यासक टोकदार वस्तूशी किंवा भाल्याशी जोडतात. या कुळाचा मूळ प्रदेश म्हणजे उत्तरेकडील फर्मॅना परगणा. इंग्रजी अमलात असंख्य आयरिश कुटुंबांच्या नावातले ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळून पडले आणि उरलेले नाव इंग्रजी कानाला जसे ऐकू आले तसे लिहिले गेले. त्यातून झाले कॉरिगन.

त्या काळच्या डब्लिनमध्ये आडनाव ऐकताच समोरच्याला तुमचा धर्म कळत असे. देशातील साधारण पाचपैकी चार माणसे कॅथलिक होती, पण मोठ्या रुग्णालयांतील जागा, वैद्यकीय महाविद्यालयांची पदे आणि सरकारी मानसन्मान बव्हंशी प्रोटेस्टंटांकडे होते. कॅथलिकांना तर १८२९ पर्यंत संसदेतही बसता येत नव्हते. अशा शहरात कॉरिगन नावाच्या तरुण डॉक्टरसाठी कोणती दारे उघडी असतील, याची कल्पना तुम्ही करू शकता.

डॉमिनिक कॉरिगन यांचा जन्म १८०२ चा. वडील शेतीची अवजारे विकत. शिक्षण मेनूथ येथील कॅथलिक शाळेत झाले आणि वैद्यकीय पदवी एडिंबरोची, १८२५ ची. (विल्यम स्टोक्स यांनाही त्याच वर्षी तिथेच पदवी मिळाली.) तो प्रेते चोरण्याचा काळ होता. शरीररचनेच्या अभ्यासाला कायदेशीर मार्गाने प्रेते मिळत नसत. मग रात्री दफनभूमीत जाऊन ती उकरून आणावी लागत. कॉरिगनही त्यातून गेले आणि उतारवयात त्यांनी त्या आठवणी लिहून ठेवल्या.

डब्लिनला परतल्यावर काही वर्षांनी त्यांना जर्व्हिस स्ट्रीट रुग्णालयात जागा मिळाली. त्यांच्या वाट्याला खाटा आल्या फक्त सहा! आज तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या नर्सिंग होममध्येही याहून जास्त खाटा असतात. पण या सहा खाटांवरच्या गरीब रुग्णांकडे ते रोज, पुन्हा पुन्हा, बारकाईने पाहत राहिले. रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करून हृदयात काय बिघडले होते ते तपासत. जिवंतपणी दिसलेले लक्षण आणि मृत्यूनंतर सापडलेला दोष यांची अशी सांगड घालणे ही त्या काळची नवी पद्धत होती. १८३२ च्या एप्रिलमध्ये एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. तेव्हा त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती.

निबंधात काय होते ते समजण्यासाठी हृदयाचे थोडे गणित करू.

हृदयाचा डावा खालचा कप्पा प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलतो. महाधमनीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. रक्त बाहेर पडले की ती घट्ट मिटते आणि रक्ताला मागे येऊ देत नाही. आता समजा, ही झडप नीट मिटत नाही आणि दर ठोक्यानंतर ३० मिलिलिटर रक्त पुन्हा हृदयात घसरते. मग शरीराला लागणारे ७० मिलिलिटर पुरवण्यासाठी हृदयाला पुढच्या ठोक्याला १०० मिलिलिटर ढकलावे लागते. त्यामुळे रोहिण्यांत एकदम जोराची लाट येते आणि रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो. लगेच पुढच्या क्षणी त्यातला काही भाग मागे गळतो, रोहिण्या रिकाम्या पडतात आणि खालचा आकडा कोसळतो. एरवी १२०/८० असणारा दाब १६०/५० असा दिसू लागतो. या उसळी आणि कोसळण्यामुळेच नाडी आपटते आणि विरते. रुग्णाचा हात डोक्याच्या वर धरून मनगट तळहाताने कवटाळले, तर ती आणखी ठळक लागते.

डावा कप्पा हे जादा ओझे वर्षानुवर्षे बिनतक्रार वाहतो. तो मोठा होतो, त्याची भिंत जाड होते, आणि माणसाला मात्र काहीच जाणवत नाही. जिना चढताना धाप लागते, रात्री झोपेतून गुदमरून जाग येते, तेव्हा कप्पा थकायला लागलेला असतो. या आजाराचा खरा धोका हाच आहे.

झडपेची ही गळती कॉरिगन यांच्या आधी कुणी पाहिली नव्हती असे नाही. फ्रान्समधील व्ह्यूसाँ यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच तिचे वर्णन केले होते. लंडनच्या हॉजकिन यांनीही कॉरिगन यांच्या काही वर्षे आधी त्यावर लिहिले होते. पण कारण, लक्षणे, निदान आणि उपचार एका सूत्रात ओवून ‘हा आजार जिवंत माणसात असा ओळखा’ हे नेमके सांगितले ते कॉरिगन यांनी. स्टेथोस्कोप तेव्हा नवा होता आणि कॉरिगन तो वापरत असत. तरी त्यांचे पहिले लक्षण कानाने ऐकायचे नव्हते. रुग्णाचे कपडे बाजूला करा आणि मान, खांदे, दंड यांतील रोहिण्या उडताना डोळ्यांनी पाहा, असे ते होते.

मला स्वतःला त्यांच्या निबंधातला उपचाराचा भाग अधिक मोलाचा वाटतो. हृदयविकार म्हटला की रक्त काढायचे, जळवा लावायच्या, उपाशी ठेवायचे आणि डिजिटॅलिस देऊन नाडी मंद करायची, असा त्या काळचा रिवाज होता. कॉरिगन म्हणाले, या आजारात हे घातक आहे. हृदयाचे मोठे होणे हा इथे रोग नाही, तो शरीराने शोधलेला तोडगा आहे. त्यामुळे रुग्णाला अशक्त करू नका, नीट जेवू द्या. आणि नाडी मंद केली तर दोन ठोक्यांमधला वेळ वाढेल, म्हणजे रक्ताला मागे गळायला जास्त सवड मिळेल. केवळ विचाराने काढलेला हा निष्कर्ष आजही टिकून आहे. तीव्र गळती असताना नाडी फार मंद करणारी औषधे डॉक्टर जपूनच वापरतात. (अर्थात हे वाचून आपली औषधे मनाने बंद करू नका. डॉक्टरांना विचारा.)

आज या आजाराची कारणे वयानुसार बदलतात. आपल्या देशात तरुण रुग्णांत अजूनही ऱ्हुमॅटिक ताप हे महत्त्वाचे कारण आहे. शाळकरी वयात स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा दुखतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात, आणि त्यातच हृदयाच्या झडपांना इजा होऊन बसते. एकदा असा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन किंवा चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. बरे वाटते म्हणून ते मध्येच सोडून देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. काहींची झडप जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते. काहींची महाधमनीच रुंदावलेली असते. कॉरिगन यांच्या काळात आणि नंतरही बराच काळ सिफिलिस हे एक मोठे कारण होते. ते आता फारसे दिसत नाही.

घरी रक्तदाब मोजत असाल तर दोन्ही आकडे लिहून ठेवा. खालचा आकडा कमी आहे म्हणजे छानच, असे समजू नका. वर-खालच्या आकड्यांत खूप अंतर असेल तर एकदा तपासून घ्यावे. दर वेळी झडपच दोषी असते असे मात्र नाही. वृद्धांत रोहिण्या कडक झाल्यानेही असे होते. ताप, रक्तक्षय, गरोदरपण आणि थायरॉइडचे अति काम यांतही नाडी आपटू शकते. म्हणजे ग्रेव्हज आणि कॉरिगन हे दोन डब्लिनकर एकाच मनगटावर भेटू शकतात! खरा उलगडा इकोच्या तपासणीत होतो. गळती जास्त असेल आणि हृदय थकू लागले असेल तर झडप बदलता येते. १९५२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हफ्नेगल यांनी महाधमनीत प्लास्टिकची झडप बसवली ती याच आजारासाठी. कॉरिगन यांच्या निबंधापासून तिथे पोचायला १२० वर्षे लागली.

ग्रेव्हज आणि कॉरिगन प्रत्यक्षात मात्र एका वेगळ्याच कारणाने समोरासमोर आले.

१८४५ च्या शरद ऋतूत आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. गरीब आयरिश माणसाचे बटाटा हेच मुख्य अन्न होते. पुढच्या काही वर्षांत साधारण दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या होती सुमारे ८२ लाख. यावरून त्या आघाताचा अंदाज यावा. मेलेल्यांत निव्वळ भुकेने गेलेल्यांपेक्षा तापाने गेलेले जास्त होते. टायफस आणि उलटून येणारा ताप, म्हणजे रिलॅप्सिंग फीवर, हे दोन्ही गावोगाव पसरले.

१८४६ मध्येच कॉरिगन यांनी एक पुस्तिका काढली. दुष्काळ आणि ताप यांचे नाते कारण आणि परिणामाचे आहे, असे तिचे म्हणणे. आयर्लंडमधील आधीच्या मोठ्या साथींचा इतिहास काढून त्यांनी दाखवले, की पीक बुडाले की मागोमाग ताप येतो. तेव्हा लोकांना आधी अन्न आणि काम द्या, ताप आपोआप आटोक्यात राहील. ग्रेव्हज यांच्यासह अनेकांना हे पटले नाही. ताप संसर्गाने पसरतो, नुसत्या भुकेने नाही, असे त्यांचे म्हणणे.

कॉरिगन त्याच सुमारास सरकारच्या केंद्रीय आरोग्य मंडळावर होते. तापाच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या डॉक्टरांना जादा भत्ता किती द्यायचा, तर या मंडळाने ठरवला दिवसाला पाच शिलिंग, म्हणजे पाव पौंड. ही रुग्णालये डॉक्टरांसाठीही मृत्यूचे सापळे होती. कितीतरी जण तिथेच टायफस लागून गेले. आपल्या जिवाची ही किंमत पाहून डॉक्टर मंडळी संतापली. ग्रेव्हज यांनी कॉरिगन यांच्यावर उघड टीका केली. इथे माझे मत ग्रेव्हज यांच्या बाजूने झुकते. गरिबांची कळकळ असलेल्या माणसाने त्याच गरिबांसाठी जीव धोक्यात घालणाऱ्यांचा विचार अधिक करायला हवा होता.

१८४७ मध्ये कॉरिगन यांना राणीचे आयर्लंडमधील वैद्य नेमण्यात आले. हा मान मिळवणारे ते पहिले कॅथलिक. आणि त्याच वर्षी आयर्लंडच्या फिजिशियन्स कॉलेजने मानद सदस्यत्वासाठी आलेले त्यांचे नाव मतदानाने फेटाळले. पाच शिलिंगांचा राग की आडनावाचा? त्या वातावरणात दोन्ही गोष्टी वेगळ्या काढणे अवघड आहे. युरोपभर ज्याचे नाव पोचले होते त्या डॉक्टरला स्वतःच्या शहरातले दार बंद झाले.

मग त्यांनी जे केले ते वाचून हसू येते आणि कौतुकही वाटते. १८५५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ते नुकत्याच पदवी घेतलेल्या पोरांबरोबर त्या कॉलेजच्या परवाना परीक्षेला बसले! पास झाले, रीतसर आत आले आणि चार वर्षांनी, १८५९ मध्ये, त्याच कॉलेजचे अध्यक्ष झाले. पहिले कॅथलिक अध्यक्ष, आणि ओळीने पाच वेळा निवडून आलेले. डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरील कॉलेजची आजची देखणी इमारत त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. आत त्यांचा पूर्णाकृती पुतळा आहे. १८६६ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला, पुढे ते डब्लिनचे खासदारही झाले. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले.

दुष्काळ आणि तापाच्या वादाचा निकाल मात्र त्यांच्या हयातीत लागला नाही. त्याचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. १८७६-७८ च्या दख्खनच्या भीषण दुष्काळात खेड्यांतून मुंबईत आलेल्या भुकेल्या लोकांत तोच उलटून येणारा ताप पसरला. त्याचा अभ्यास मुंबईत हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी केला. ‘ग्रेज अ‍ॅनॅटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे तेच हे कार्टर. रुग्णांच्या रक्तात त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्रासारखे वळणदार जंतू दिसले. म्हणजे नुसत्या भुकेने ताप येत नव्हता, जंतू हवाच होता. पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? हे कोडे १९०७ मध्ये नाशिकला सुटले. तिथल्या एका मिशनच्या वसतिशाळेत या तापाची साथ आली. पर्सिव्हल मॅकी या लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉक्टरांच्या लक्षात आले की मुलींपेक्षा मुलगे फार जास्त आजारी आहेत, आणि अंगावरच्या कपड्यांतील उवाही मुलग्यांमध्येच जास्त आहेत. त्या उवांच्या पोटात त्यांना ते जंतू सापडले. दोन वर्षांनी ट्युनिसमध्ये शार्ल निकोल यांनी टायफसही अशाच उवांमार्फत पसरतो हे सिद्ध केले. त्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. मॅकींचे नाव आज नाशिकमध्ये तरी किती जणांना माहीत असेल?

आता मागे वळून पाहिले तर ग्रेव्हज आणि कॉरिगन दोघेही अर्धे बरोबर होते. संसर्ग खराच. पण दुष्काळात माणसे घर सोडतात, अंगावरचे एकच कापड महिनोन्‌महिने बदलत नाहीत, सरपण आणायचे त्राण नसल्याने पाणी तापवून धुणे होत नाही, आणि अन्नछत्रांत दाटीवाटीने झोपतात. उवांना याहून सोयीचे काय असणार?

दुष्काळाच्या त्या दशकांत आणि त्यानंतरही हजारो आयरिश कुटुंबे अमेरिकेला गेली. त्यांच्याबरोबर कॉरिगन हे नावही गेले. अशाच आयरिश वंशातील डग्लस कॉरिगन टेक्सासमध्ये १९०७ साली जन्मले. ते विमानाचे मेकॅनिक होते. लिंडबर्ग यांनी अटलांटिक ओलांडला त्या विमानाच्या बांधणीत त्यांचाही हात होता. स्वतःच्या जुन्या, डागडुजी केलेल्या विमानातून आयर्लंडला जाण्याची परवानगी ते वारंवार मागत आणि विमान त्या लायकीचे नाही म्हणून सरकार ती नाकारत असे. १७ जुलै १९३८ रोजी न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला, म्हणजे पश्चिमेला, जायचे सांगून ते उडाले आणि २८ तास १३ मिनिटांनी डब्लिनजवळ उतरले. होकायंत्र वाचण्यात चूक झाली, असे त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले आणि मरेपर्यंत तेच सांगत राहिले! ‘राँग वे कॉरिगन’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. अमेरिकेत आजही उलट दिशेने जाणाऱ्याला गमतीने असे म्हणतात.

तिसऱ्या कॉरिगनची गोष्ट हसण्यासारखी नाही. ऑगस्ट १९७६ मध्ये बेलफास्टमध्ये ब्रिटिश सैनिकांनी पाठलागात एका आय.आर.ए. कार्यकर्त्यावर गोळी झाडली. तो जागीच गेला आणि त्याची मोटार पदपथावर चढून अ‍ॅन मॅग्वायर या आईवर व तिच्या मुलांवर आदळली. आठ वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा आणि सहा आठवड्यांचे बाळ अशी तिची तीन मुले गेली. अ‍ॅनची बहीण मॅरेड कॉरिगन तेव्हा ३२ वर्षांची होती. त्या घटनेने हादरलेल्या बेटी विल्यम्स यांच्यासह तिने हिंसा थांबवण्यासाठी मोर्चे सुरू केले. त्यांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायका हजारोंनी बरोबर चालल्या. दोघींना १९७६ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. अ‍ॅन शरीराच्या जखमांतून वाचली, पण त्या दुःखातून नाही. १९८० च्या जानेवारीत तिने स्वतःचे जीवन संपवले. पुढच्या वर्षी मॅरेडने बहिणीच्या नवऱ्याशी लग्न करून बहिणीच्या उरलेल्या मुलांना आपले केले. तेव्हापासून ती मॅरेड कॉरिगन मॅग्वायर अशी दोन्ही आडनावे लावते.